अंगठा

मुजीबभाईंनी दोन्ही गाड्या लिंबाखाली आणून लावल्या.
एक लाल, हडकुळी, साखळी उघडी,
मागच्या दोनच चाकांना जोर,
डाव्या हाताला क्लच, पायात गिअर.
दुसरी शेवाळी, रवंथ करत बसल्यासारखी,
पुढं दोराची चरखी, मागं क्रेट बांधायला जाळी,
चारी चाकं ओढणारी. गिअरची कटकट नाही.
किमतीत फरक बावीस हजारांचा.

मी वही काढली.
पाण्याचे दोन कॅन, मलमपट्टीची पेटी,
शनिवार-रविवारी पुण्याहून येणारे सहा जण,
त्यांतला एक तरी गाळात रुतणार.
त्याला ओढून काढणार कोण? ही लाल?

"कामून नाही?" मुंजाजी म्हणाला
आणि तिच्या टाकीवरून हात फिरवला,
गरम आहे का बघावं तसा.
त्याच्या डाव्या मनगटात स्टीलची पट्टी आहे
केजच्या वळणावर पडला तेव्हापासून.
ती त्यानं हिशेबात धरली नाही.
मी धरली, पण वहीत लिहिली नाही.

"चला के देखो," मुजीबभाई म्हणाले,
"लोहा जबान से नै बोलता."

धारूरच्या मागं गायदऱ्याची वाट.
खाली सुटे काळे दगड, वर तरवड, मधे ओढा.
तो लालीवर, पुढं. मी शेवाळीवर.
चढाला त्याचं मागचं चाक दगड फेकत होतं माझ्याकडं,
तो मात्र उभा राहून, गुडघे सैल सोडून,
नुसता नाचत चढला.
मी बसूनच चढले. खालचा गिअर टाकला
आणि गाडी जिना चढल्यासारखी वर आली,
एकेक दगड विचारत.

ओढ्यात पाणी आटलेलं, पण काळी माती ओलीच.
वाळली की दगड, भिजली की लोणी.
लाल आसापर्यंत गेली.
मी चरखीचा दोर टाकला, बटण दाबलं,
ती फडफडत निघाली, मागं मुंजाजी,
मांडीपर्यंत चिखल.
"वही बरोबर होती तुझी," तो म्हणाला.
हे ऐकायला मी नऊ वर्षं थांबले होते,
ऐकून तेवढं बरं वाटलं नाही.

पठारावर तो मनगट चोळत उतरला.
"तू घे थोडी. मला जरा सीताफळ खाऊ दे."

या गाडीची मूठ पिळायची नसते.
उजव्या अंगठ्यानं एक पातं दाबायचं, एवढंच.
मी दाबलं. ओढणी कमरेला घट्ट.
दुसरा, तिसरा, गवत दोन्हीकडून मागं पळायला लागलं,
कुसळं पायांवर बंदुकीसारखी,
एक जुनी ताल आली, मला दिसली, मी अंगठा काढला नाही.
चारी चाकं जमिनीवर नव्हती.
किती वेळ, ते वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं?

परत आले तर तो शेवाळीच्या जाळीवर बसून
बिया थुंकत होता.
"हीच घेऊ," तो म्हणाला. "लाल पोरासोरांची."
"कामून?" मी म्हणाले.
माझाच आवाज मला ओळखू आला नाही.
त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग अर्धं सीताफळ पुढं केलं.
दोन्ही इंजिनं थंड होत टिकटिक करत राहिली.

शेवाळी घेतली. दुसरं काही घेण्यासारखं नव्हतंच.
कागदावर मी सही केली, जोडाक्षरासकट,
आईनं जिथंतिथं अंगठाच लावला होता.

पुण्याचे सहा जण येऊन गेले.
दोघं रुतले. दोघांना काढलं.
वही बरोबर चालली आहे.

रात्री मुंजाजी कधीकधी विचारतो,
"काय चाललंय तुझं गोधडीखाली?"
काही नाही, मी म्हणते.
अंगठा दुखतो.